नऊ दिवस टिकलो, दहाव्या दिवशी बिर्याणी

ताई, नमस्कार. मी वसईचा, वय 33, नोकरी अंधेरीला, रोज लोकलने येजा. यंदा राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतली तेव्हाच ठरवलं की ईस्टरआधीच्या या उपवासकाळात मटण-चिकन बंद, बियर बंद आणि रात्रीचे रील्स बंद. दरवर्षी काहीतरी अर्धवट होतं, यंदा पूर्ण चाळीस दिवस करून दाखवायचेच असं मनात होतं. नऊ दिवस एकदम कडक गेले. 27 फेब्रुवारीला शुक्रवारी ऑफिसात एकाची फेअरवेल होती, बिर्याणी आली, नाही नाही म्हणता खाल्ली, मग दोन बियर झाल्या आणि घरी येऊन रात्री दीडपर्यंत रील्स. एका दिवसात तिन्ही. तेव्हापासून सगळंच सुटलंय. जेवण झालं की मोबाईल, आठवड्यातून दोनतीनदा बियर. शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेलाही जात नाही, कुठल्या तोंडाने जाऊ. टीममधला एक मुस्लिम मित्र रोजे ठेवतो, दिवसभर पाणीसुद्धा नाही आणि तरी मीटिंगमध्ये हसत बसलेला असतो, आणि मला एक बियर सोडवत नाही. आजी होती तेव्हा घरात चाळीस दिवस मासेपण शिजायचे नाहीत. पप्पा गेल्या जूनमध्ये गेले, तेव्हापासून संध्याकाळची जपमाळ पण बंद आहे, आई नऊला झोपते. माझ्या श्रद्धेतच दम नाही का, की मी हे सगळं नुसतं रिवाज म्हणून करतो? आता ईस्टरला थोडेच दिवस राहिलेत, तर यंदा सोडून द्यावं आणि पुढच्या वर्षी नीट करावं का?
— दहाव्या दिवशी पडलेला
ता.क. शुक्रवारी मासे चालतात ना?

अरे बाबा, एवढं रडकं पत्र लिहून शेवटी मासे विचारलेस तिथे मला हसू आलं, आणि बरंही वाटलं, म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही. माशांचं शेवटी सांगते. तू माझ्या मुलाच्या वयाचा म्हणून अरेतुरे करतेय, चालेल असं धरते.

आधी नियमाचं उरकून घेऊ, कारण मला वाटतं तू स्वतःवर जी केस लावलीयस त्यातली निम्मी कलमं चर्चने लावलेलीच नाहीत. कॅथलिकांना उपवास सक्तीचा असे दिवस वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही 18 ते 59 वयाच्या लोकांना, आणि तो म्हणजे काय तर एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. (मी साठी ओलांडली, मी सुटले, वय वाढण्याचा हा एक फायदा.) शिवाय राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही, हे 14 वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना. बस. चाळीस दिवस चिकन नाही, बियर नाही, रील्स नाहीत हे तू स्वतः होऊन घेतलेलं, आपल्या मनाने, चांगल्या मनाने, पण ते मोडलं म्हणजे धर्म बुडाला असं नाही. शुक्रवारची बिर्याणी आणि बियरचं काय ते कन्फेशनला जाऊन सांग, फादरांनी यापेक्षा बरंच काय काय ऐकलेलं असतं, तुझी बिर्याणी ऐकून ते खुर्चीवरून पडणार नाहीत.

आणि ते चाळीस दिवस रविवार सोडून आहेत हे तरी माहितीये का तुला? राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेस तर 46 भरतात, त्यातले 6 रविवार वजा केले की 40. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपासात धरत नाहीत, अगदी उपवासकाळातला असला तरी. माझी पैज आहे की तू पहिल्या रविवारीसुद्धा दात आवळून बसला असशील.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात एक शब्द आहे तो मला टोचला, "करून दाखवायचे". कोणाला दाखवायचे रे? देवाला? त्याला दाखवायची गरज नाही, राखेच्या बुधवारी मिस्सात जे शुभवर्तमान वाचतात त्यात येशू हेच तर सांगतो, की उपास करशील तेव्हा तोंड उतरवून फिरू नकोस, डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळूसुद्धा देऊ नकोस. आपण ते कपाळावर राख घेऊन ऐकतो ही गंमत वेगळी. मला वाटतं तू स्वतःलाच दाखवत होतास, की मी अजून आजीच्या घरातलाच आहे, आणि मग दहाव्या दिवशी स्वतःच परीक्षक होऊन स्वतःला नापास केलंस.

मला हे कळतं कारण मी पण केलंय. खूप वर्षांपूर्वी एका उपवासकाळात मी चहा सोडला होता. दिवसाला पाच कप पिणारी बाई, एकदम बंद. डोकं दुखायचं, पोरांवर खेकसायचे, सासूबाईंना उलट बोलले, कामवालीला एक दिवस उशीर झाला म्हणून तिला असं काही सुनावलं की ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांनी माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाले, घे बाई, तू चहा सोडलास आणि प्रायश्चित्त आम्ही सगळे करतोय. तेव्हा इतका राग आला होता. मग नंतर कधीतरी यशयाचा 58 वा अध्याय हाती लागला, त्यात देव लोकांना जवळपास हेच ऐकवतो, तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी कामगारांना पिळता, भांडता, हाणामारी करता, मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणं. वाचताना मला माझी कामवाली आठवली आणि कान गरम झाले. सांगायचं काय तर मी चहाचे दिवस पूर्ण केले असते तरी नापासच होते, आणि तू नऊ दिवसांत मोडलास म्हणून आपोआप नापास होत नाहीस.

बरं, 27 तारखेला नेमकं काय झालं ते बघ. बिर्याणी खाल्लीस, त्याला वीस मिनिटं लागली असतील. बियरला तासभर. तेवढ्यावर ते संपायला हरकत नव्हती, शनिवारी सकाळी उठून पुन्हा सुरू. पण रात्रीतून तुझ्या कानात कोणीतरी बोललं की झालं ना, तुझ्याने होतंय थोडंच, आता कशाला नाटक. माझ्या मते खरा मोह हा. बिर्याणी ही त्याची नुसती एन्ट्री. अरण्यात सैतान येशूकडे येतो तेव्हा तो काय नुसता धोंड्यांच्या भाकरी कर म्हणत नाही, तो सुरुवात करतो "तू देवाचा पुत्र असशील तर" इथून. आणि त्याच्या अगदी आधीचा प्रसंग कुठला आहे मत्तयात, तर यार्देन नदीवर बाप्तिस्मा आणि आकाशातून वाणी की हा माझा प्रिय पुत्र आहे. म्हणजे बापाने जे नुकतंच सांगितलं त्यावरच पहिला घाव, असशील तर, तर सिद्ध कर. भाकरी हे निमित्त होतं. तुझ्या बाबतीत पण तेच झालंय, खरा ख्रिस्ती असशील तर चाळीस दिवस पूर्ण करून दाखव, नाही जमलं म्हणजे तू त्यातला नाहीसच. आणि तू त्याचं ऐकून चर्चला जाणंच बंद केलंस, जे त्याला एका बिर्याणीत मिळालं नसतं.

आणि बंद काय केलंस, तर क्रूसाची वाट! अरे, लहानपणापासून दर उपवासकाळात केली असशील, येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेची चौदा स्थानं पाठ असतील. तिसऱ्या स्थानाला काय आहे? येशू पहिल्यांदा पडतो. सातव्याला? दुसऱ्यांदा पडतो. नवव्याला तिसऱ्यांदा. चौदातली तीन स्थानं नुसती पडण्याची आहेत, आणि शुभवर्तमानात त्या तीन पडण्यांचा उल्लेखसुद्धा नाही, लोकांनी आपल्या भक्तीतून ती त्या वाटेत घातली. मला नेहमी वाटतं ज्यांनी घातली त्यांना स्वतःचा अनुभव असणार. आता ती त्याची पडणी क्रूसाच्या ओझ्याने, तुझं पडणं बिर्याणीने, बरोबरी नाही करत मी, पण ज्या एका भक्तीत पडलेल्या माणसाला हक्काची जागा आहे तिथेच तू पडलो म्हणून जात नाहीस, हे मला जरा जास्तच वाटतं.

आता त्या ओळीकडे येते जी तू जाता जाता लिहिलीस. पप्पा जूनमध्ये गेले, जपमाळ बंद झाली, आई नऊला झोपते. मग पुढे लगेच श्रद्धेत दम आहे का वगैरे. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच थांबले. तुमच्याकडे संध्याकाळची जपमाळ किती वाजता असायची? बहुतेक घरांत जेवणाआधी नाहीतर जेवणानंतर लगेच. आणि तुझा मोबाईल कधी सुरू होतो, जेवण झालं की. बघ हं, मी काही मानसशास्त्रज्ञ नाही, पण मला दिसतंय ते असं की घरातला तो एक तास रिकामा झाला, पप्पांच्या आवाजाचा तास, आणि त्यात कोणीतरी येऊन बसणारच होतं. रील्स आले. बियर आली. तू उपवासकाळात त्या दोघांना बाहेर काढलंस, घर झाडून घेतलंस, शाब्बास, पण त्या जागेवर कोणाला बसवलंस? लूकाच्या 11 व्या अध्यायात येशूने हीच गोष्ट सांगितलीय, माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येऊन बघतो तर घर झाडलेलं नीटनेटकं, मग तो जाऊन आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात घेऊन येतो आणि सगळे तिथे राहायलाच येतात. तुझे पण तीन बाहेर काढले होते, तिन्ही एका रात्रीत परत, आणि आता आधीपेक्षा जास्त ऐसपैस बसलेत.

हे काही मोबाईलच्या जमान्याचं दुखणं नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, त्याने माणसाच्या मनात येणारे आठ वाईट विचार लिहून ठेवलेत, त्यातला एक कंटाळ्याचा, ज्याला तो दुपारचा भूत म्हणतो. त्याचं वर्णन वाचून मी थक्क झाले. तो म्हणतो हे भूत आलं की संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो, तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते बघतो, कोणी भाऊबंद इकडे येतोय का बघतो. बाकी काही हवं नसतं, नुसतं कोणीतरी यावं. त्याच्याकडे खिडकी होती, तुझ्याकडे स्क्रीन आहे. रात्री साडेदहाला अंगठा वर वर करत तू काय शोधतोस ते एकदा स्वतःला विचार, मला नाही वाटत तुला त्या रेसिपी आणि क्रिकेटच्या क्लिपा हव्या असतात.

म्हणून माझा सल्ला असा की मोह आवरायची लढाई थोडी बाजूला ठेव आणि तो तास भरून काढ. उपवासकाळात चर्च तीन गोष्टी सांगतं, प्रार्थना, उपवास आणि दानधर्म, आणि तू तिघांतली मधलीच उचलून एका पायावर उभा होतास. आजपासून असं कर. घरी येशील तेव्हा आई जागी असते की नाही? मग जेवण झाल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, आणि आईला म्हण आई, जपमाळेचा एक दशक म्हणूया का. एकच. पूर्ण पाचाची शपथ घेऊ नकोस, तुझा स्वभाव मला कळला आता, तू लगेच पाच दशकं आणि वर लितानी ठरवशील आणि सोमवारी मोडशील. एक दशक म्हणजे दहा मणी, चारपाच मिनिटं. पप्पा सुरुवात करायचे ना? ती आता तुला करावी लागेल, आणि पहिल्या दिवशी आवाज फुटणार नाही, आई रडेल कदाचित, रडू दे. मला तर शंका आहे की ती नऊला झोपत नसणारच, तिलाही त्या तासाला काय करायचं ते कळत नसेल म्हणून दिवा बंद करून पडून राहत असेल. क्रूसाच्या वाटेत पहिल्यांदा पडल्यानंतर लगेचचं स्थान कुठलं आहे ते आठव, चौथं, येशूला त्याची आई भेटते ते.

दानाचं पण सांगते, कारण ते आपण पाकिटावर संपवतो. आठवड्याला दोनतीन बियर आणि वर चखणा, त्याचे जे काही होतात ते एका डब्यात टाक, खरोखरच्या नोटा, मनातल्या मनात नाही. उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध कॅरिटास इंडिया या चर्चच्या सेवासंस्थेची मोहीम असते, तिला दे, नाहीतर तुमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक असतील, त्यांना विचार की कोणाच्या घरी रेशन भरायचंय किंवा कोणा म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्यायचंय, आणि शनिवारी त्यांच्याबरोबर स्वतः जा. स्वतः जाणं महत्त्वाचं. माझा तो चहाचा उपवासकाळ गेला तो गेलाच, पण पुढच्या वर्षी मी दर शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना जेवण भरवायला जायचे, त्या वर्षी मी काय काय सोडलं होतं ते मला आज आठवतही नाही, आजी मात्र आठवतात, भात मऊ झाला नाही तर शिव्या घालायच्या.

तुझ्या मित्राच्या रोज्याबद्दल. त्याच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखणं बंद कर, पण त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे हे खरं. त्याच्या रोज्याला रोज संध्याकाळी एक शेवट आहे, खजूर आहे, आजूबाजूला माणसं आहेत, पहाटे घर एकत्र उठतं. तो एकटा दात आवळून बसलेला नाही. तू मात्र ऑफिसात कोणाला सांगितलंसुद्धा नसशील की माझे उपासाचे दिवस आहेत, लपवून ठेवलंस आणि मग बिर्याणीसमोर एकटा पडलास. मघाशी मीच म्हणाले की कळू देऊ नकोस, आता उलटं बोलतेय असं वाटेल, पण मिरवणं वेगळं आणि एका दोस्ताला सांगून ठेवणं वेगळं. त्याला सांग. तोच पुढच्या पार्टीत तुझ्या शेजारी बसेल बघ, आणि ईद आलीच आहे, शीरखुर्म्याला बोलावलं तर खुशाल जा, त्यात कसला मोडतोय उपास.

बियरबद्दल मात्र जरा सिरियसली. आठवड्यातून दोनतीनदा म्हणतोस ते खरं असेल तर ठीक, पण घेतली नाही तर झोप येत नाही, हात थरथरतात, किंवा आईपासून बाटली लपवायला लागलायस असं काही असेल तर तो उपवासकाळाचा विषयच नाही, मग राख आणि जपमाळ पुरणार नाही. डॉक्टरला दाखव, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा मुंबईत आणि आसपास भरतात, तिथे जा, आणि जाण्यात कमीपणा मानू नकोस. बाप गेल्याच्या वर्षात पिणं हळूहळू वाढतं आणि माणसाला ते कळत नाही, हे मी जवळून बघितलंय.

राहिलं पुढच्या वर्षीचं. नाही, सोडून देऊ नकोस. पुढच्या वर्षी नीट करीन हे तू मागच्या वर्षीपण म्हणाला असशील. अजून तीन शुक्रवार हातात आहेत, 20 मार्च, 27 मार्च आणि 3 एप्रिलचा गुड फ्रायडे, मध्ये झावळ्यांचा रविवार. याच झावळ्या जपून ठेवून पुढच्या वर्षी त्यांची राख होते आणि ती तुझ्या कपाळाला लागते, तेव्हा त्या आणायला तरी जा, आईसाठी पण एक घे. 20 तारखेला ऑफिसातून लवकर निघता येत नसेल तर शेवटच्या चार स्थानांना पोहोच, मागे उभा राहा, कोणी विचारत नाही. रिवाज म्हणून करतो का असं विचारलंयस, तर हो, थोडं रिवाज म्हणूनच कर आत्ता. आजी तरी चाळीस दिवस रोज काय भक्तीने भारावून राहत असेल असं वाटतं का तुला, अर्धे दिवस तीपण सवयीनेच ढकलत असणार आणि मनात सुकटीचं कालवण असणार.

आता मासे. चालतात. नियमात मांस वर्ज्य आहे, मासे नाहीत, आजीच्या घरी शिजायचे नाहीत ती तिची स्वतःची कडक शिस्त. पण आपण पडलो वसईचे, शुक्रवारी मटण नाही म्हणून भलंमोठं पापलेट आणायचं, भरून तळायचं आणि वर सोलकढी, याला आपल्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात. बोंबील आण. आणि आईला विचारून आण, तिने आधीच भाजी चिरलेली असेल.